महाकपटाचं शेवटलं पान

२००२ साल. मला पन्नासावं लागलं होतं. सानगडीत बस थांब्याजवळ माझं किरायाच्या कॉमिक्सचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री, दोन बाक आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली सुतळी. सुतळीवर कपडे वाळत घालावेत तशी कॉमिक्स लटकायची. बाकावर बसून वाचायचा भाव वेगळा, घरी न्यायचा वेगळा. बोटाला थुंकी लावून पान उलटणाऱ्याला मी बाकावरून उठवत असे, मग तो पोलीस पाटील का असेना.

आता हा अंक काढणारी मंडळी घरी आली आणि म्हणाली, श्रावणभाऊ, कॉमिक्समधला दुष्ट माणूस नायकाच्या तोडीचा कशानं होतो, यावर लिहा. मला पहिल्यांदा संशयच आला. शिकलेली माणसं म्हाताऱ्याला असं विचारतात तेव्हा एक तर टिंगल असते, नाही तर आधीच कोणी नाही म्हटलेलं असते. दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा म्हटलं, लिहितो, पण माझ्या हातानं लिहीन. शुद्धलेखन त्यांनी सुधारलं असेल. बाकीचं माझं आहे.

धंदा समजून घ्या. कॉमिक नवीन येते तेव्हा त्याला मधोमध दोन पिना असतात. आमच्याकडे पावसाळ्यात त्या पिना गंजतात आणि कागद खातात. म्हणून मी आल्या आल्या पिना उपटायचो, कडेनं सुजानं भोकं पाडायचो, मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवायचो. वरून खाकी कव्हर. खळ घरची, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. असं बांधलेलं कॉमिक दोनशे हातांतून गेलं तरी पान सुटत नव्हतं. मी हे भंडाऱ्याला एका बाइंडरकडे शिकलो. सहा वर्षं कचेऱ्यांची रजिस्टरं बांधली. बाइंडरला वाचता यावं लागत नाही. त्याला पानावरचा आकडा कळला म्हणजे झालं.

आणि हीच गोष्ट मी जन्मभर लपवून ठेवली होती. मी दुसरीतून शाळा सोडली. छापील मोठं अक्षर मला लागायचं, बोट ठेवून, थांबत थांबत. जोडाक्षर आलं की गाडी रुतायची. हातानं लिहिलेलं तर मला अजिबात लागत नव्हतं. कॉमिक मी चित्रावरून वाचत होतो. गिऱ्हाइकानं विचारलं, यात काय आहे, तर चित्र पाहून अशी गोष्ट सांगायचो की तो घेऊनच जायचा. दोघाचौघांनी परत येऊन म्हटलं, तुम्ही सांगितलं ते यात नाही. मी म्हणायचो, नीट वाचलं नसेल. गावात मला ‘पुस्तकवाले’ म्हणत. ज्याच्या दुकानात तीनशे पुस्तकं लटकतात त्याला वाचता येत नाही, हे गावाला कळलं असतं तर त्या दुकानात बसायला मला तोंड राहिलं नसतं.

हे फक्त एका माणसाला ठाऊक होतं. देवाजी.

देवाजी आणि मी एकाच उस्तादाच्या हाताखाली. तो सातवी पास. कामाची चिठ्ठी यायची, कोणाचं रजिस्टर, किती पानं, कव्हर कोणत्या रंगाचं, ती तो हळूच वाचून दाखवायचा आणि मी काम करायचो. सहा वर्षांत उस्तादाला कळलं नाही. पुढे आम्ही दोघांनी मिळून सानगडीत दुकान टाकलं. पाटी रंगवायची वेळ आली. जागा माझ्या सासऱ्याची, म्हणून मी म्हटलं माझं नाव आधी. देवाजी पेंटरसमोर हसून म्हणाला, “मुळाक्षरात ‘द’ आधी येते गा, ‘श’ मंग येते.”

त्यानं सहज म्हटलं असेल. मला मात्र वाटलं, यानं चार लोकांत मला खूण दिली, की बोललास तर सांगून टाकीन. मी ब्रश पेंटरच्या हातातून घेतला आणि पाटीवर काळा पट्टा ओढला. देवाजीनं रस्त्याच्या पलीकडे दुसरं दुकान मांडलं. त्याच्याकडे बाक नव्हते, पोत्याची बैठक होती, आणि चपला काढल्याशिवाय पोत्यावर पाय ठेवू देत नव्हता. मी शपथ घेतली की त्या पोत्यावर पाय ठेवणार नाही. पंधरा वर्षं ठेवला नाही.

आता महाकपटाचं सांगतो. हिंदीत एक मालिका येत होती, दुष्ट महाकपट, नायक बिजलीवीर. तोंडावर मुखवटा, दिवसा वीज मंडळात लाइनमन. लोक त्याच्या नावानं कॉमिक मागत असतील असं तुम्हाला वाटेल. कोणी मागत नव्हतं. गिऱ्हाईक यायचं आणि विचारायचं, “महाकपटाचं आहे का?” दर अंकात नवा राक्षस, नवा शास्त्रज्ञ, नवा सापासारखा माणूस यायचा. ते अंक सुतळीवर उन्हात पिवळे पडले. महाकपटाचे अंक फाटेपर्यंत फिरले. अंगात ताकद नाही, एक पाय लंगडा, डोक्यावर टक्कल. तरी तोच.

मी पुष्कळ विचार केला याचा. राक्षस नायकाला ओळखत नसतो. तो येतो, मारतो, मरतो. महाकपट आणि बिजलीवीर एकाच गुरूकडे शिकलेले. बिजलीवीर उजवीकडून वार करणार की डावीकडून, ते महाकपटाला आधीच माहीत. तो बोलतो त्यातलं अर्धं खरं असते, म्हणून वाचणारा बाकावर चुळबुळतो. आणि तो हरतो, पण संपत नाही. आमच्या थांब्यावर साकोलीच्या गाडीचे एक कंडक्टर उतरायचे, गाडी थांबेल तेवढ्यात सहा पानं वाचून जायचे. ते म्हणत, “राक्षस आला तं बिजलीवीर मोठा दिसते. महाकपट आला तं बिजलीवीर भेलेला दिसते. मले भेलेला पायला आवडते.” भेलेला म्हणजे घाबरलेला. माणूस तिकिटं फाडायचा, पण गोष्ट कळत होती त्याला.

त्या वर्षी धानाच्या रोवणीच्या आधी महाकपटाचा मोठा अंक आला. त्यात बिजलीवीर खांबावरून पडून बेशुद्ध होतो, मुखवटा अर्धा सरकतो. महाकपट काठी टेकत येतो, वाकतो, मुखवट्याला हात घालतो. शेवटलं पान उलटायचं आणि कळायचं की त्यानं मुखवटा काढला का. अंक तीन दिवस फिरला आणि चौथ्या दिवशी शेवटलं पान नाही.

मी पान तपासलं. म्हणजे नसलेलं पान. फाडलेलं नव्हतं, कापलेलं होतं. शिवणीपासून अर्धं बोट सोडून, वरून खालपर्यंत एका ओढीत, धार दुसऱ्यांदा न टेकवता. कागदाला लव नाही. असा हात भंडाऱ्याच्या त्या दुकानात दोघांचाच होता. एक माझा.

आणि पानाच्या जागी खाकी कव्हरात एक चिठ्ठी. हातानं लिहिलेली. चार ओळी, खाली एक रेघ, रेघेखाली एकच शब्द. मी ती किती तरी वेळ धरून बसलो. ओळी एकमेकांत गुंतलेल्या, काही लागेना. शेवटल्या शब्दातलं पहिलं अक्षर तेवढं ओळखू आलं. ‘ना’. नाश. नालायक. नाक कापीन. ‘ना’वरून मला चांगलं काही सुचलंच नाही.

कोणाला दाखवणार? ज्याला दाखवलं त्याला कळणार की पुस्तकवाल्याला चार ओळी वाचता येत नाहीत. आणि ज्याला कळलेलंच होतं, त्यानंच पाठवली असं मी धरून चाललो होतो. देवाजीला ठाऊक होतं की मी वाचू शकत नाही. म्हणूनच चिठ्ठी. दुसरं कोण असं करेल?

चार महिन्यांत सात अंकांचं शेवटलं पान गेलं. सातही महाकपटाचे. सात चिठ्ठ्या मी पावडरच्या डब्यात ठेवल्या. अंकांत केस ठेवून पाहिले, पानांना खडूची खूण केली. बायकोला, कौशल्याला, देवाजीच्या दुकानात ब्लेड किती आहेत ते पाहायला पाठवलं. ती येऊन म्हणाली, “तिथं ब्लेड नाई. लोक मात्र लय आहेत.” ते मलाही दिसत होतं. ज्या गोष्टीला शेवट नाही ती किरायानं कोण नेणार? माझे बाक मोकळे होत चालले होते. कंडक्टर रोज खिडकीतून विचारायचे, “काढला का हो मुखवटा?” मी म्हणायचो, पान शिवायला घेतलं आहे.

या सगळ्यात मी एकाकडेच निर्धास्त जात होतो, नारायणकडे. नारायणचं चौकात कटिंगचं दुकान. माझी चार कॉमिक्स रोज त्याच्याकडे असायची, थांबलेल्या गिऱ्हाइकांना चाळायला. हंगामात तो झाडीपट्टीच्या नाटकांत काम करायचा, दरवेळी दुष्टाचं. एरवी असा मऊ की माशी हाकलतानाही तिला दुखू नये म्हणून जपायचा. दर आठवड्याला माझी दाढी करताना वस्तरा गळ्याशी आला की विचारायचा, “चालते ना, श्रावणभाऊ?” मी म्हणायचो, “चालते.” वस्तऱ्याला कोण नाही म्हणेल?

दिवाळी झाली. मंडया सुरू झाल्या. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव जत्रा भरते, तिला मंडई म्हणतात, आणि मंडई म्हटली की नाटक. बाजाराच्या दिवशी सकाळी आठव्या अंकाला हात लावला तर तोही कापलेला. चिठ्ठी तशीच. माझ्या डोक्यात काय शिरलं माहीत नाही. आठ चिठ्ठ्या डब्यात घातल्या, डबा घेतला आणि रस्ता ओलांडला. पोत्याच्या एक वीत अलीकडे थांबलो. शपथ लक्षात होती.

बाजार भरलेला. देवाजीच्या पोत्यावर दहा-बारा माणसं वाचत बसलेली. साकोलीची गाडी लागली होती, कंडक्टर हातात चहा घेऊन तिथंच. मी डबा देवाजीसमोर ठेवला.

“ह्या तुह्या चिठ्ठ्या. वापस घे. अन् पानंही दे.”

पंधरा वर्षांत त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. देवाजी माझ्याकडे पाहत राहिला. मग डबा उघडला, एक चिठ्ठी काढली, मनात वाचली. त्याच्या मिशा हलल्या. दुसरी वाचली. तिसरी उलगडलीच नाही.

“ह्या कवापासून आल्या तुह्याकडं?”

“तुले नाई का मालूम?”

“मी लिवल्या म्हणतोस?”

“ब्लेडीचा हात तुहा आहे. मी वळखतो.”

लोकांनी पुस्तकं खाली केली. शेवटलं पान कोणी कापलं, हे आख्ख्या सानगडीला जाणायचं होतं. कोणी तरी म्हणालं, चिठ्ठीत काय आहे ते तर कळू द्या. कंडक्टरनं चहाचा कप खाली ठेवला, डब्यातली एक चिठ्ठी उचलली आणि माझ्या हातात दिली.

“श्रावणभाऊ, तुमीच वाचा ना. मोठ्यानं वाचा, सगळ्याईले आयकू येईन असं.”

मी चिठ्ठी धरली. सकाळचं ऊन होतं, कागदावर लख्ख पडलेलं. चार ओळी, रेघ, ‘ना’. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी घसा खाकरला. पहिलं अक्षर शोधलं. सापडलं नाही. परत खाकरलो. एक म्हातारी भाजीची टोपली डोक्यावर घेऊन चालली होती, तीही उभी राहिली.

मी देवाजीकडे पाहिलं. पाहायचं नव्हतं, पण डोळे गेले. पंधरा वर्षं मी या घटकेची वाट पाहत होतो. आता हा बोलणार. दोनच शब्द, वाचता येत नाही. मी त्याच्या जागी असतो तर बोललो असतो, हे आज लिहितो. तेव्हाही मला ते ठाऊक होतं.

देवाजी उठला. पोत्यावरून उतरला, अनवाणीच माझ्याजवळ आला.

“त्याचा चष्मा घरी रायला असन. आन इकडं,” असं म्हणून त्यानं चिठ्ठी माझ्या बोटांतून काढून घेतली.

माझ्या नाकावर जन्मात कधी चष्मा बसला नव्हता.

त्यानं मोठ्यानं वाचलं. अजून पाठ आहे. “श्रावणभाऊ, शेवटलं पान नेलं आहे. नाटकाच्या तालमीसाठी पाहिजे. हंगाम सरला की आणून चिकटवून देतो. तुमची हरकत असेल तर सांगा. नारायण.”

बाजार हसला. मी नाही हसलो. कंडक्टर मात्र हुशार माणूस. तो हसता हसता थांबला आणि म्हणाला, “पण श्रावणभाऊ, मंग चार महिने तुमी...”

“अक्षर पाय ना नारायणचं,” देवाजी त्याला पुढे जाऊ न देता म्हणाला. “कोंबडीनं उकिरडा उकरल्यावानी. मलेच ओळ लागता लागून नाई रायली.”

त्यानं ती ओळ न अडखळता वाचली होती. कंडक्टरनं ते ऐकलं होतं. त्यानं देवाजीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चहाचा कप परत उचलला.

तेवढ्यात कोणी तरी नारायणला बोलावून आणलं. एका हातात साबणाचा ब्रश, गिऱ्हाईक अर्ध्या दाढीत सोडून आलेला. बिचारा गोंधळून गेला. “मी दर खेपेले विचारलं जी, चालते ना म्हणून. तुमी चालते म्हणले.” वस्तरा घेऊन गळ्याशी विचारलेलं ते हेच होतं. ब्लेडीचा हातही त्याचाच. रोज शंभर गालांवर एका ओढीत धार चालवणारा माणूस मला कधी आठवलाच नाही. मला फक्त देवाजीचाच हात दिसत होता.

पण शेवटलीच पानं काहून, असं कंडक्टरनं विचारलं. नारायण ब्रशवरचा फेस पाहत म्हणाला, “आमचे डायरेक्टर म्हणतेत, तुहा दुष्ट मेला का लोक चपला शोधतेत. नायकाले टाळ्या वाजवाले बी कोनी थांबत नाई. मले हे शिकाचं होतं का हरावं कसं. मी हरलो तरी लोक बसले पायजे. तो महाकपट हरते, तरी लोक त्याच्याच नावानं विचारतेत. ते काहून, हे शेवटल्या पानात असन म्हणलं.”

पानं त्याच्या आरशामागे प्लास्टिकच्या पिशवीत सपाट ठेवलेली होती. त्यानं धावत जाऊन आणली. मोठ्या अंकाचं पान कंडक्टरनं हिसकावून घेतलं आणि गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत असताना तिथंच वाचलं. महाकपट मुखवट्याला हात घालतो. सरकलेला मुखवटा नीट करतो, फीत घट्ट बांधतो, आणि काठी टेकत निघून जातो. तोंड पाहत नाही.

“हट्,” एक जण म्हणाला. “चार महिने यासाठी?”

“मंग काय काढाचा होता?” कंडक्टर म्हणाला. “तोंड पायलं तं तो लाइनमन निघन. मंग हा लढन कोनाशी?”

गाडी निघाली. लोक पांगले. मी डबा उचलला आणि रस्ता ओलांडून आलो. नारायणनं पानं चिकटवून देतो म्हटलं तर त्याच्यावर डाफरलो, की माझं काम मला येते.

दुपारभर पानं शिवत बसलो. तुम्हाला वाटेल की मला देवाजीबद्दल चांगलं वाटलं असेल. मला राग आला होता. मी विचार करत होतो की यानं असं काहून केलं. उघडं पाडलं असतं तर पंधरा वर्षांचा माझा संशय खरा ठरला असता आणि मी बरोबर निघालो असतो. त्यानं झाकलं, आणि पंधरा वर्षं माझ्याजवळ नुसती एक काळी पाटी उरली. झाकणं हाच त्याचा मोठा वार असेल, असंही मनात आलं. आजही मला पक्कं सांगता येत नाही. पण राक्षसानं मारलेलं मी विसरलो असतो, हे विसरलो नाही.

संध्याकाळी कौशल्यानं विचारलं, बाजारात काय झालं म्हणे. मी म्हटलं, काही नाही, नारायणनं पानं नेली होती. ती म्हणाली, आणि चष्म्याचं काय? बाजारातली गोष्ट माझ्या आधी घरी पोचली होती. मी ताट सरकवलं. ती म्हणाली, “पन्नास वर्ष झाले तुमाले. म्या बी कवा इचारलं का?” तिलाही ठाऊक होतं म्हणजे. किती लोकांना ठाऊक होतं, कोण जाणे. सगळ्यांनी फीत बांधून ठेवली होती, आणि मी सगळ्यांवर नजर ठेवून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं नाही. पावडरचा डबा घेतला, रस्ता ओलांडला. बाजार नव्हता, थांबा मोकळा. देवाजी पोतं झटकून अंथरत होता. मला पाहून त्यानं अंथरणं थांबवलं. त्यालाही संशय आला असावा.

“आता काय रायलं?”

मी चपला काढल्या. पोत्यावर बसलो. डब्यातली पहिली चिठ्ठी काढून त्याच्यापुढे ठेवली.

“चष्मा घरी रायला,” मी म्हटलं.

त्यानं चिठ्ठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या शेजारी येऊन बसला. चिठ्ठी उचलली नाही.

“बोट ठेव,” तो म्हणाला.